एक वर्ष, एक प्रदेश, एक पुस्तक: फरगॉटन रेल्म्सची प्रादेशिक सोर्सबुके निवडण्याची आणि खेळात उतरवण्याची रीत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे घेऊन गोष्ट रचण्याचा खेळ खेळवणाऱ्या नव्या डंजन मास्टरने, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराने, फरगॉटन रेल्म्स हे काल्पनिक जग निवडले की त्याच्यापुढे माहितीच्या टंचाईचा नव्हे, तर अतिसुकाळाचा प्रश्न उभा राहतो. एड ग्रीनवुड यांनी १९६०च्या दशकात, स्वतः लहान असतानाच, गोष्टींसाठी रचायला घेतलेले हे जग १९७९पासून ‘ड्रॅगन’ मासिकातील लेखांतून खेळाडूंना थोडेथोडे कळू लागले. १९८७ साली टीएसआर कंपनीने ते एका करड्या पेटीतून विकायला आणले आणि त्याच वर्षी एकेका प्रदेशावरील स्वतंत्र माहिती-पुस्तकांची, म्हणजे प्रादेशिक सोर्सबुकांची, मालिकाही सुरू झाली. तेव्हापासून नियमांच्या आवृत्त्या बदलल्या, प्रकाशक बदलला, या जगातल्या फेरून या मुख्य खंडाचा नकाशाही बदलला. जुनी पुस्तके मात्र बाद झाली नाहीत, आणि त्यांतील बरीच आज पीडीएफ स्वरूपात अधिकृतपणे विकत मिळतात.

यांतील ‘सर्वांत चांगले’ पुस्तक कोणते, या प्रश्नावर जाणकार तासन्‌तास वाद घालू शकतात. माझ्या मते प्रश्नच थोडा चुकतो. प्रादेशिक सोर्सबुक हे वाचून संपवण्याचे पुस्तक नाही. येत्या सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या पुढच्या बैठकीत, खेळाडू कोणत्या रस्त्याने जातील, तिथे त्यांना कोण अडवील आणि कोण मदत करील, हे त्यातून किती लवकर काढता येते यावर त्याची किंमत ठरते. मी स्वतः पहिल्या कॅम्पेनसाठी (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीसाठी) फेरूनच्या उत्तर भागावरची तीन पुस्तके वाचून वहीभर टिपणे काढली होती. पहिल्या चार सेशनमध्ये त्यांतला जेमतेम एक परिच्छेद उपयोगी पडला, आणि तोही एका सरायवाल्याबद्दलचा. पुढे दिलेली रीत त्या अनुभवातून बसत गेली आहे.

पुस्तकाआधी वर्ष ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. फरगॉटन रेल्म्समध्ये काळ पुढे सरकत राहतो, आणि प्रत्येक पुस्तक एका ठरावीक वर्षाच्या आसपासचे चित्र देते. कालगणना ‘डेलरेकनिंग’ या नावाने ओळखली जाते. कॉर्मँथॉरच्या अरण्यातील एल्फ (माणसासारखी दिसणारी दीर्घायुषी जमात) आणि तिथे वस्ती करायला आलेली माणसे यांच्यात करार होऊन ‘स्टँडिंग स्टोन’ उभारला गेला, ते वर्ष पहिले. १९८७ची करडी पेटी १३५७च्या सुमाराची परिस्थिती सांगते. त्यानंतर लगेच, १३५८ साली, देवांना पृथ्वीवर उतरवणारा ‘टाइम ऑफ ट्रबल्स’ येतो. २००१ मध्ये आलेला तिसऱ्या आवृत्तीचा मुख्य ग्रंथ १३७२वर उभा आहे. १३८५ साली ‘स्पेलप्लेग’ जादूची घडीच विस्कटून टाकतो, २००८ची चौथी आवृत्ती जवळजवळ शतकभर पुढे उडी मारून १४७९वर येते, आणि पाचव्या आवृत्तीची पुस्तके त्याच्याही पुढची आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ नेव्हरविंटर या शहरावरून चटकन कळतो. तिसऱ्या आवृत्तीपर्यंतच्या पुस्तकांत ते कारागिरांचे, बागांचे, नीटनेटके शहर आहे. १४५१ साली हॉटनाऊ पर्वताचा उद्रेक होऊन ते उद्ध्वस्त होते, २०११च्या ‘नेव्हरविंटर कॅम्पेन सेटिंग’मध्ये ते ढिगाऱ्यांतून, परस्परविरोधी गटांच्या ओढाताणीत पुन्हा उभे राहत असते, आणि पाचव्या आवृत्तीत डॅगल्ट नेव्हरएम्बर यांच्या सत्तेखाली बरेचसे सावरलेले दिसते. तीन पुस्तके एकाच वेळी उघडून बसलेल्या डंजन मास्टरच्या तोंडून आयत्या वेळी यांपैकी कोणते नेव्हरविंटर बाहेर पडेल, याचा नेम नसतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर वर्ष लिहावे, त्याच्या नंतरचे सगळे ‘अजून घडलेले नाही’ असे समजावे, आणि आधीच्या पुस्तकातला मजकूर लोकांच्या आठवणी म्हणून वापरावा. त्या उद्रेकापूर्वीचे शहर पाहिलेला एखादा म्हातारा एल्फ सरायीत बसवला, की जुन्या पुस्तकातले पानच्या पान त्याच्या तोंडी घालता येते.

वर्ष कोणते घ्यावे? खेळाडू नवे असतील आणि हाताशी पाचव्या आवृत्तीची पुस्तके असतील, तर त्यांच्याच काळात राहणे सोपे. केवळ माझी आवड विचाराल तर मी १३७२ घेतो, कारण त्या सुमाराची प्रादेशिक पुस्तके सर्वांत भरीव आहेत आणि स्पेलप्लेगने अजून काही मोडलेले नाही.

मग प्रदेश, आणि तोही लहान

संपूर्ण फेरून खंड खेळवता येत नाही; खेळवता येते ते एक खोरे, एक शहर किंवा एक व्यापारी रस्ता. प्रदेश निवडताना नकाशाकडे पाहण्याआधी आपल्याला कोणत्या जातीची गोष्ट हवी आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. पुढे ज्या प्रदेशांची नावे घेतो आहे, ती त्या वाक्याला धरूनच घेतो आहे.

‘वसाहतीची कड, पलीकडे रान’ अशी गोष्ट हवी असेल तर उत्तर भागाला तोड नाही. १९८८चे ‘द सॅव्हेज फ्रंटियर’, जेनेल जॅक्वेज यांनी लिहिलेले, अवघ्या ६४ पानांचे आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच त्याचा मोठा गुण आहे. प्रत्येक गावाला दोनचार ओळी, प्रत्येक ओळीत एखादी मेख, आणि उथगार्ड टोळ्यांसारखी एखादी गोष्ट थोडी सविस्तर: प्रत्येक टोळीचे कुलचिन्ह असलेला प्राणी वेगळा, पूर्वजांचे दफनटेकाड वेगळे, हाडवैरही वेगळे. टेकाडापाशी परकी माणसे दिसली की काय होईल, हे पुस्तकाने सांगायची गरजच उरत नाही.

त्याच भूभागावर २००२ साली एड ग्रीनवुड आणि जेसन कार्ल यांचे ‘सिल्व्हर मार्चेस’ आले, आणि एकच पुस्तक घ्यायचे असेल तर मी बहुधा हेच सुचवीन. जुन्या पुस्तकात जिथे सुट्या वस्त्या होत्या, तिथे इथे एक नुकताच जन्मलेला संघ आहे. सिल्व्हरीमूनची अल्युस्ट्रिएल हिने शहराची गादी सोडून माणसांची शहरे आणि ड्वार्फ या बुटक्या, खाणकाम करणाऱ्या जमातीचे गड यांची मोट बांधली आहे; सिल्व्हरीमून, एव्हरलुंड, संडाबार, मिथ्रल हॉल, फेलबार आणि अॅडबार हे सगळे एका करारात आहेत. परंतु करारावर सह्या करणारे सगळे एकाच कारणासाठी आलेले नाहीत. फेलबारचेच पाहा: सुमारे तीनशे वर्षे ऑर्क या रानटी, लढाऊ जमातीच्या ताब्यात असलेला हा गड १३६७ साली एमेरस वॉरक्राउनच्या ड्वार्फांनी परत मिळवला, आणि तिथून हाकलला गेलेला ऑर्कांचा राजा ओबोल्ड डोंगरांत मोकळाच आहे. ड्वार्फांना गड राखायला माणसे हवीत, शहरांना ड्वार्फांचे धातू हवेत, आणि ओबोल्डला आपली गेलेली गादी. त्यात रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला यांपैकी कोणाशीच देणेघेणे नाही. त्याला गाड्या सुखरूप पोचायला हव्यात. पहिल्या सेशनची कामगिरी इथे आपोआप तयार आहे: फेलबारकडे धान्य पोचवायचे आहे आणि वाट डोंगरांतून जाते.

शहराच्या आत राहायचे असेल तर वॉटरडीप. मुखवट्याआडून राज्य करणारे लॉर्ड्स, ज्यांतला एकच उघडपणे वावरतो. एकमेकांवर कुरघोडी करणारी सरदार घराणी आणि व्यापारी संघ. आणि पायाखाली अंडरमाउंटनचे अफाट भुयार. या शहरावर १९८७चे ‘वॉटरडीप अँड द नॉर्थ’ आहे, १९९४ची पेटी आहे आणि एरिक बॉइड यांचे २००५चे पुस्तक आहे. शेवटचे सर्वांत सविस्तर, पण नवख्यासाठी जड. त्याच्याऐवजी एकच पेठ, समजा डॉक वॉर्ड, निवडून बाकीचे शहर पहिल्या पाच सेशनमध्ये केवळ दुरून दाखवावे.

मोठ्या सत्तांच्या मध्ये चेपलेली साधी माणसे हवी असतील तर डेललँड्स. रिचर्ड बेकर यांचे १९९३चे ‘द डेललँड्स’ हे लहानसे पुस्तक त्यासाठी पुरेसे आहे. एका बाजूला कॉर्मिरचे राज्य, दुसऱ्या बाजूला सेंबियाचे श्रीमंत व्यापारी, उत्तरेला झेंटिल कीपची काळी सावली, आणि मध्ये आपापल्या खोऱ्यापलीकडे फारसे न पाहणारे हट्टी शेतकरी. नाती, जमीन, पाणी आणि जुने शब्द यांवर चालणाऱ्या गोष्टी ज्यांना आवडतात, त्यांना हा प्रदेश लवकर वश होतो.

पूर्वेकडचे थे हे राष्ट्र म्हणजे वेगळेच प्रकरण आहे. आठ झुल्किर (सत्ताधारी जादूगार), जादूच्या आठ शाखांवर एकेक, आणि त्यांच्या हाताखाली लाल झग्यातले जादूगार. १९८८च्या पुस्तकात हे राष्ट्र शेजाऱ्यांवर चाल करून जाणारे आहे, तर २००३च्या ‘अनअॅप्रोचेबल ईस्ट’मध्ये तेच जादूगार परक्या शहरांत पेढ्या उघडून जादूच्या वस्तू स्वस्तात विकू लागले आहेत. मला दुसरे चित्र अधिक भयंकर वाटते. तलवार घेऊन आलेला शत्रू ओळखता येतो, पण गावातल्या प्रत्येक पहारेकऱ्याच्या हातातले शस्त्र ज्याने विकले, त्याला शत्रू म्हणायचे कसे? मूनशे बेटांबद्दल फार लिहीत नाही. डग्लस नाइल्स यांचे १९८७चे पुस्तक बेटांवरचे मूळ रहिवासी आणि समुद्रावरून आलेले नॉर्थमेन यांच्या संघर्षापुरते छान आहे, त्यापलीकडे ते लवकर संपते.

एकच पुस्तक, तीन वाचने

पहिले वाचन नकाशाचे. पेन्सिल घेऊन तीन वस्त्या, त्यांना जोडणारे रस्ते आणि प्रत्येक रस्त्याचे दिवस लिहावेत. पाचव्या आवृत्तीत सामान्य चालीने दिवसाला २४ मैल होतात. करड्या पेटीतल्या तपशीलवार नकाशांवर एक इंच म्हणजे ३० मैल, म्हणजे सव्वा दिवसाची चाल. चार इंचांवरचे गाव पाच दिवसांवर आले. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते: तिसऱ्या आवृत्तीत खंडाचा नकाशा आक्रसून पुन्हा आखला गेला, त्यामुळे जुन्या नकाशावरचे अंतर आणि नव्या पुस्तकातले वर्णन यांची सरमिसळ केली तर गणित जुळत नाही. नकाशा एकच ठेवावा.

दुसरे वाचन माणसांचे आणि मालाचे. प्रत्येक नाव आले की तीन प्रश्न विचारावेत: याला काय हवे आहे, ते कोणाकडे आहे, आणि मिळाले नाही तर हा काय करील? ज्याच्याबाबत तिन्ही उत्तरे मिळतात, तेवढीच नावे वहीत उतरवावीत. एका प्रदेशासाठी सहा ते आठ नावे भरपूर झाली.

आइसविंड डेल या अतिउत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशावर ही रीत लावून पाहू, कारण तिथे मालाचा धागा फार स्पष्ट आहे. टेन-टाउन्स म्हणजे तीन सरोवरांकाठच्या दहा वस्त्या. त्यांतली ब्रिन शँडर ही सर्वांत मोठी, आणि ती मात्र कोणत्याच सरोवराच्या काठावर नाही. सरोवरांत नकलहेड ट्राउट नावाचा मासा मिळतो. त्याचे मांस पोट भरते आणि त्याच्या डोक्याच्या हाडावर केलेले कोरीवकाम दक्षिणेकडे विकले जाते. एवढ्या दोन वाक्यांतून भांडण उभे राहते. मासा पकडणारी गावे वेगळी, बाजार भरवणारे गाव वेगळे. कोणत्या गावाच्या होड्या सरोवरात कुठवर येतील, यावर वर्षानुवर्षांची धुसफूस. आणि व्यापारी तांडा हिवाळ्याआधी डोंगरांपलीकडे पोचला नाही तर सगळ्यांचेच वर्ष वाया. आता इथे एक ड्रॅगन आणला काय किंवा न आणला काय, खेळाडूंना कोणाची तरी बाजू घ्यावीच लागणार.

तिसरे वाचन रिकाम्या जागांचे. पुस्तकात ज्या गावाला एकच ओळ दिली आहे, त्याला आपले गाव समजावे. जिथे वर्णन भरगच्च आहे तिथे खेळाडूंपैकी एखादा जाणकार ‘पण पुस्तकात तर असे आहे’ म्हणून थांबवू शकतो. एका ओळीच्या गावात त्याला तशी सोय नाही. माझी आजवरची सर्वांत चांगली सेशने अशाच ओळींतून निघाली आहेत.

जुने आकडे नव्या नियमांत

दुसऱ्या आवृत्तीचे पुस्तक हाती आले की आकडे पाहून अनेक जण ते मिटवून ठेवतात. तसे करू नये. नावापुढे ‘एफ ७’ असे काही असेल तर तो सातव्या पातळीचा योद्धा, एवढाच त्याचा अर्थ. आर्मर क्लास (बचावाचा आकडा) त्या काळी जितका कमी तितका चांगला. तिसऱ्या आवृत्तीच्या पद्धतीत आणायचा तर २०मधून जुना आकडा वजा करावा, म्हणजे ३चा १७ होतो. पाचव्या आवृत्तीत मात्र हे गणित करूच नये, कारण तिथे बचावाचे आणि हल्ल्याचे आकडे मुद्दाम मर्यादेत ठेवले आहेत आणि वजाबाकी करून आणलेला उच्च पातळीचा सरदार भेदताच येणार नाही असा होऊन बसतो. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलच्या शेवटी दिलेले गार्ड, व्हेटरन, बँडिट कॅप्टन, मेज (जादूगार) यांचे तयार तक्ते घ्यावेत, नाव आणि स्वभाव जुन्या पुस्तकातला ठेवावा, आणि पुढे जावे.

पातळीच्या आकड्यापेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे कादंबऱ्यांतून प्रसिद्ध झालेली पात्रे. एल्मिन्स्टर हा महाजादूगार शॅडोडेलमध्ये राहतो, मग ऑर्कांची टोळी आली की तोच का येत नाही, हा प्रश्न खेळाडू विचारणारच. त्याला गायब करण्याची गरज नाही. दुरून डोंगर साजरे, हे सूत्र पुरते. तो आहे, लोक त्याच्याबद्दल बोलतात, कधी त्याच्या घराच्या धुराड्यातून निघणाऱ्या विचित्र रंगाच्या धुराची चर्चा होते. पण त्याच्यापुढची संकटे वेगळ्या मापाची आहेत आणि गिरणीवाल्याच्या मुलीला शोधायला तो येणार नाही.

खेळाडूंपर्यंत काय जाऊ द्यावे

इथे व्होलोच्या मार्गदर्शिकांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९९२ साली वॉटरडीपवर पहिली आली. पुढे उत्तर भाग, स्वोर्ड कोस्ट, कॉर्मिर आणि डेललँड्स यांवर निघाल्या. या पुस्तकांचा निवेदक व्होलोथॅम्प गेडार्म हा त्या जगातलाच एक बढाईखोर प्रवासी आहे. तो सराया आणि मद्यगृहे यांना चिन्हांनी गुण देतो, त्यात खिशाला किती चाट बसेल हेही येते आणि जिवाला किती धोका हेही. आणि अधूनमधून एल्मिन्स्टर त्याच्या चुका काढणाऱ्या टिपा लिहितो. नियमांचे पुस्तक म्हणून यांचा उपयोग थोडाच, पण जग खेळाडूंना कसे सांगावे याचा याहून चांगला वस्तुपाठ मला सापडलेला नाही.

त्याचीच नक्कल करावी. कॅम्पेन सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी, ती त्या जगातल्या कोणीतरी लिहिलेली असावी, आणि तिच्यात दोन गोष्टी खऱ्या व एक चुकीची असावी. ड्वार्फ पात्राला मिळालेली चिठ्ठी आणि शहरी चोराला मिळालेली चिठ्ठी एकाच रस्त्याबद्दल वेगळे सांगत असेल, तर पहिल्या सेशनची पहिली वीस मिनिटे खेळाडू आपसांतच बोलण्यात घालवतात, आणि तुम्हाला नमनाला घडाभर तेल घालावे लागत नाही. सोर्सबुकाची प्रत खेळाडूंना वाचायला देणे मात्र टाळावे. सरळ सांगितलेली माहिती ते विसरतात, वाद घालून मिळवलेली लक्षात ठेवतात.

सेशनच्या आदल्या दिवशीचे पान

आता वहीतून एकच पान तयार करावे. त्यावर आजची रात्र काढण्याची जागा, काम सांगणारा माणूस, ज्या रस्त्याने जायचे त्याचे दिवस, त्या रस्त्यावरचा एक अडथळा, आणि पुस्तकातल्या इतिहासातली अशी एकच गोष्ट जी खेळाडूंना हाताने स्पर्श करता येईल, एवढे असावे. शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. एल्फांबरोबरचा जुना करार डोक्यात ठेवून उपयोग नाही; तो स्टँडिंग स्टोन रस्त्यात आला पाहिजे, त्यावरची अक्षरे कोणीतरी खरवडून काढलेली दिसली पाहिजेत, म्हणजे खेळाडू स्वतःच विचारतात की हे कोणी केले आणि का.

खेळताना पुस्तक टेबलावर ठेवू नये. नाव आठवले नाही तर नवे द्यावे आणि त्याच क्षणी वहीत लिहावे; नंतर पुस्तकात पाहिले आणि ते वेगळे निघाले, तर वहीतले खरे धरावे. साधारण पाचसहा सेशननंतर त्या वहीत पुस्तकाशी न जुळणाऱ्या इतक्या गोष्टी जमतात की फेलबारचा दरवाजा कोणत्या दिशेला आहे याबद्दल खेळाडू तुम्हालाच दुरुस्त करू लागतात. दुसरे पुस्तक घेण्याची योग्य वेळ ती, आणि तेही खेळाडू आपण होऊन ज्या दिशेला निघाले असतील त्या शेजारच्या प्रदेशाचे.